पोटाची तपासणी आणि पचनाच्या तक्रारी : सीमाभागातील आरोग्य केंद्रांत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी किंवा हुक्केरी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरला आणि उपकेंद्र सांभाळणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून ज्या तक्रारी ऐकाव्या लागतात, त्यांत पोटाची तक्रार हटकून असते. कोणी "पित्त उसळलंय" म्हणत येतो, कोणी "पोट दुखालंय" एवढेच सांगून गप्प बसतो, तर कोणी तक्रार न सांगताच "एक सुई मारा नि सलाईन लावा" अशी मागणी करतो. केंद्रात सोनोग्राफी नसते, रक्तालघवीच्या मोजक्याच तपासण्या होतात आणि शल्यचिकित्सक तालुक्याच्या रुग्णालयात किंवा थेट बेळगावात असतो. अशा ठिकाणी आजाराचे अचूक नाव शोधण्याच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : या रुग्णाला आज घरी पाठवता येईल, काही तास थांबवून पुन्हा पाहावे लागेल, की आत्ताच गाडी बोलवावी लागेल? पुढे दिलेल्या सर्व पायऱ्या या प्रश्नासाठी आहेत, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर डोळे, कान आणि हात यांनीच मिळते.

पहिली पायरी : नाडी आणि चेहरा

रुग्ण दारातून कसा आत येतो, हे पाहण्यापासून तपासणी सुरू होते. मूतखड्याची किंवा आतड्याची कळ असलेला रुग्ण एका जागी स्थिर बसू शकत नाही, तो तळमळतो आणि कूस बदलत राहतो. उलट पोटाच्या आतील आवरणाला सूज आलेला रुग्ण हलायला घाबरतो. तो कमरेत वाकून, हळूहळू पावले टाकत येतो आणि खाटेवर पडल्यावर गुडघे दुमडून निश्चल राहतो. वेदनेचा आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असे समजू नये. निश्चल पडलेल्या, घाम आलेल्या आणि मोजकेच बोलणाऱ्या रुग्णाकडे आधी जावे.

कथा ऐकण्यापूर्वीच नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, तापमान आणि ऑक्सिजनची पातळी नोंदवावी, आणि पोटदुखी तीव्र असेल तर बोटाच्या थेंबावर साखरही पाहावी. नाडी १०० च्या वर, रक्तदाब उतरलेला आणि हातपाय गार अशी स्थिती असेल, तर सविस्तर कथा नंतर ऐकता येते. आधी शीर मिळवून सलाईन सुरू करावे आणि १०८ ला फोन करावा.

दुसरी पायरी : कथा ऐकणे

पहिली काही वाक्ये रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्यावीत. या भागात एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात. सासू "होट्टी नोवु" म्हणते आणि सून तेच मराठीत सांगते. रुग्णाला जी भाषा सोयीची असेल ती येणारी सिस्टर किंवा आशा कार्यकर्ती सोबत ठेवावी, नातेवाइकाच्या तोंडून सगळी कथा घेऊ नये. 'गॅस', 'पित्त', 'वात धरला', 'बेंबी सरकली' हे शब्द ऐकले की मान डोलावून गोळी लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी "मावशी, नेमकं कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखवा" असे म्हणावे. एका बोटाने दाखवलेली जागा आणि पूर्ण तळहाताने पोटभर फिरवलेला हात यांत बराच फरक असतो. पहिल्यात पोटाच्या आवरणाचा सहभाग असण्याची शक्यता वाढते, दुसऱ्यात दुखणे बहुधा आतड्यासारख्या पोकळ अवयवातून येत असते.

दुखणे कुठे सुरू झाले आणि आता कुठे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारावेत. जठर, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांचे दुखणे बेंबीच्या वर, लहान आतडे आणि आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) यांचे सुरुवातीचे दुखणे बेंबीभोवती, तर मोठ्या आतड्याच्या उत्तरार्धाचे दुखणे ओटीपोटात जाणवते. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांनी उजव्या कुशीत खाली जाऊन तिथेच स्थिरावले, भूक गेली आणि नंतर उलटी झाली, तर आंत्रपुच्छाची सूज असेच धरून चालावे. वरच्या पोटातील दुखणे सरळ पाठीत जात असेल, पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटत असेल आणि दारूचा इतिहास असेल, तर स्वादुपिंडाकडे लक्ष द्यावे. कमरेच्या बाजूने जांघेत उतरणारी कळ मूतखड्याची असते. एका क्षणात, जणू सुरा खुपसल्यासारखे सुरू झालेले दुखणे, ज्याची वेळ रुग्ण घड्याळ पाहिल्यासारखी सांगतो, ते छिद्र पडल्याचे किंवा रक्तवाहिनीचे असू शकते आणि ते कधीही हलके घेऊ नये.

त्यानंतर उलटीचा रंग, शौचाचे स्वरूप, वायू सरतो की नाही, लघवी, ताप, वजन घटणे, मागील शस्त्रक्रिया आणि चालू गोळ्या विचाराव्यात. गोळ्यांबद्दल थोडे खोदून विचारावे लागते, कारण ऊसतोडीला किंवा बिड्या वळायला बसून कंबर धरली की मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी ही रुग्णाच्या लेखी 'औषध' नसतेच. तंबाखू, मिश्री आणि दारू यांबद्दल बायकांनाही विचारावे. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात हा प्रश्न कोणाला अपमानास्पद वाटत नाही, फक्त तो चारचौघांत विचारू नये.

पाळी येणाऱ्या वयातील प्रत्येक स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख विचारावी आणि ओटीपोटात दुखत असेल तर निश्चय किटवर (गर्भधारणेच्या चाचणीचा संच) लघवीची तपासणी करावी. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, एवढ्या कारणावरून गर्भनलिकेतील गर्भाची शक्यता सोडून देता येत नाही. पाळी चुकलेली, खाली दुखणे आणि घेरी, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तपासणीत वेळ न घालवता रुग्णाला हलवावे.

तिसरी पायरी : खाटेवरची तयारी

रुग्णाने लघवी करून यावे, कारण भरलेले मूत्राशय गाठीचा आभास निर्माण करते. उताणे झोपवून डोक्याखाली एक उशी द्यावी, हात बाजूला ठेवावेत आणि गुडघे किंचित दुमडावेत. डोक्याखाली हात घेतले की पोटाचे स्नायू ताणले जातात. बरगड्यांच्या खालच्या कडेपासून जांघेपर्यंतचा भाग दिसला पाहिजे. नेमक्या याच ठिकाणी घाई होते. काठ कंबरेला घट्ट खोचलेली इरकल साडी आणि नाडीची गाठ यांच्यामध्ये जेवढे पोट दिसते तेवढेच तपासून रुग्णाला उठवले जाते, आणि परकराच्या नाडीखाली अडकलेला हर्निया तसाच राहतो. पडदा ओढावा, स्त्री रुग्णासोबत सिस्टर उभी ठेवावी, काय करणार आहोत ते आधी सांगावे, नाडी सैल करायला सांगून वरून चादर द्यावी. इतकी तयारी केल्यावर क्वचितच कोणी नकार देते.

तपासणाऱ्याने रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहावे किंवा स्टुलावर बसावे, म्हणजे कोपर पोटाच्या पातळीवर येतो. डिसेंबर-जानेवारीतील बेळगावच्या थंडीत हात चोळून गरम करून घ्यावेत. गार हाताखाली निरोगी पोटही आक्रसते.

चौथी पायरी : पाहणे, ऐकणे, ठोकणे, चाचपणे

अनेक महाविद्यालयांत पाहणे, चाचपणे, ठोकणे आणि शेवटी ऐकणे असा क्रम शिकवला जातो. पोटाच्या बाबतीत स्टेथोस्कोप आधी लावण्याची पद्धतही तितकीच रूढ आहे आणि माझ्या मते तीच बरी, कारण दाबल्यामुळे आतड्यांचे आवाज बदलू शकतात आणि शिवाय दाबून दुखावलेला रुग्ण नंतर काही ऐकू देत नाही.

पाहताना पायथ्याशी उभे राहून दोन्ही बाजू सारख्या आहेत का, पोट श्वासाबरोबर हलते का, फुगले आहे का, शस्त्रक्रियेचे व्रण, फुगलेल्या शिरा, बेंबीची जागा हे पाहावे. जुना व्रण आणि फुगलेले पोट एकत्र असेल तर आतडी चिकटून अडथळा आल्याची शंका घ्यावी. लहान मुलांच्या पोटावर कधी कधी डागण्याचे व्रण दिसतात. घरच्यांवर रागावण्यापूर्वी ते कोणत्या दुखण्यासाठी केले, हे विचारावे, कारण मूल किती दिवस आजारी आहे याचा खरा हिशेब त्यातून मिळतो. रुग्णाला मान उचलायला सांगितली की पोटाच्या भिंतीतील हर्निया पुढे येतो, आणि खोकायला सांगितल्यावर ज्या जागी त्याचा हात आपोआप जातो ती जागा लक्षात ठेवावी.

आतड्यांचे आवाज बेंबीच्या उजव्या बाजूला थोडे खाली एकाच ठिकाणी ऐकले तरी चालतात. ते नाहीत असे ठरवण्यापूर्वी किमान दोन मिनिटे शांतपणे ऐकावे. ओपीडीच्या गोंगाटात ही दोन मिनिटे फार लांब वाटतात. आवाज उच्च पट्टीत, धातूवर पाणी पडल्यासारखे येत असतील आणि सोबत कळ, उलटी, फुगलेले पोट व वायू न सरणे असेल, तर अडथळा समजावा. मात्र आवाज ऐकू आले म्हणून गंभीर आजार नाही, असा निष्कर्ष काढू नये.

ठोकून यकृताची वरची आणि खालची सीमा ठरवावी. मध्य-कंठास्थी रेषेवर (गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणारी रेषा) या दोन सीमांतील अंतर साधारण ६ ते १२ सेंटीमीटर असते. यकृतावरील मंद आवाज नाहीसा होऊन तिथे पोकळ आवाज येत असेल आणि पोट कडक असेल, तर जठराला किंवा आतड्याला छिद्र पडून हवा बाहेर आलेली असू शकते. बाजूंना मंद आवाज येत असेल तर रुग्णाला कुशीवर वळवून, थोडा वेळ थांबून पुन्हा ठोकावे. मंद आवाजाची जागा सरकली तर पोटात पाणी आहे, मात्र ते साधारण एक लिटरहून कमी असेल तर या पद्धतीने सापडत नाही.

चाचपणी दुखऱ्या जागेपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यातून सुरू करावी. पहिली फेरी हलकी असावी, बोटांची टोके न खुपसता तळहात आणि बोटे सपाट ठेवून नऊही भाग पाहावेत, आणि नजर हातावर न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी. रुग्ण "दुखत नाही" म्हणाला तरी भुवया खोटे बोलत नाहीत. दुसऱ्या फेरीत खोल दाब द्यावा. स्नायू कडक लागले तर रुग्ण मुद्दाम आवळतो आहे की ते आपोआप ताठ झाले आहेत, हे ओळखण्यासाठी त्याला तोंडाने सावकाश श्वास सोडायला लावावे आणि शेताबद्दल, मुलांबद्दल बोलत राहावे. मुद्दाम आवळलेले पोट बोलण्याच्या ओघात सैल होते, तर सूज आलेल्या आवरणावरचे ताठच राहते.

आवरणाची सूज तपासण्यासाठी हात खोल दाबून एकदम सोडण्याची जुनी पद्धत रुग्णाला विनाकारण यातना देते. त्याऐवजी दुखऱ्या जागी हलकेच ठोकावे किंवा खोकायला सांगावे. तेवढ्यानेच तीव्र वेदना झाली तर उत्तर मिळाले. उजव्या कुशीत, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेच्या एक तृतीयांश अंतरावर दाबून पाहावे, आणि डाव्या कुशीत दाबल्यावर उजवीकडे दुखते का तेही पाहावे. उजव्या बरगडीखाली बोटे ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर रुग्णाचा श्वास मध्येच अडकला, तर पित्ताशयाला सूज असण्याची शक्यता आहे.

यकृत आणि प्लीहा या दोन्हींसाठी हात उजव्या कुशीतून वर न्यावा, यकृतासाठी सरळ वर आणि प्लीहेसाठी बेंबीवरून तिरके डाव्या बरगडीकडे. प्रत्येक श्वासाला हात स्थिर ठेवून अवयवाला हाताशी येऊ द्यावे. बरगडीलगतच सुरुवात केली तर फार मोठी झालेली प्लीहा हाताखालून निसटते, कारण तिची कड खाली बेंबीपाशी असते.

या सर्वांनंतर जांघा पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये. वयस्कर स्त्रियांमध्ये मांडीच्या वरच्या भागातील लहानसा, दुखरा, आत न जाणारा गोळा हेच आतड्याच्या अडथळ्याचे कारण असू शकते. पोटात दुखते म्हणून आणलेल्या मुलाचे अंडकोषही पाहावेत. पीळ बसलेला अंडकोष पहिल्या सहा तासांत सोडवला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, आणि संकोचामुळे मुलगा पोटच दाखवतो. शौचावाटे रक्त, नवी बद्धकोष्ठता किंवा काळी शौच असेल तर संमती घेऊन गुदद्वाराची बोटाने तपासणी करावी.

म्हातारी माणसे, मधुमेही आणि स्टेरॉईड घेणारे यांच्या पोटावर वरील खुणा फिक्या उमटतात. साठी ओलांडलेल्या, नाडी अनियमित असलेल्या माणसाला भयंकर दुखते आहे आणि पोट मात्र मऊ आहे, ही विसंगती आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्याची असू शकते. तिथे मऊ पोटावर विश्वास ठेवू नये.

दुखणे पोटात, आजार दुसरीकडे

हा भाग पाठ्यपुस्तकांत शेवटी येतो, पण आपल्या भागात तो पुढे आणावा लागतो. पहाटे पोटात कळ आणि उलट्या घेऊन आलेल्या, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, जखम दिसतही नाही, आणि रुग्ण व घरचे "रात्रीचं जेवण बाधलं" असेच सांगतात. अशा रुग्णाला वर पाहायला सांगावे. पापण्या जड होऊन खाली येत असतील, बोलणे अडखळत असेल किंवा थुंकी गिळता येत नसेल, तर तो सर्पदंश समजून प्रतिविष सुरू करावे, श्वासावर लक्ष ठेवावे आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. पापण्या अजून सरळ असतील तरी अशा रुग्णाला काही तास नजरेखाली ठेवावे. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद कळवणे बंधनकारक आहे, तेवढे विसरू नये.

उलट्या, जुलाब, तोंडाला फेस, दरदरून घाम आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या असतील तर शेतातील कीटकनाशक शरीरात गेलेले असते, मग ते फवारताना असो वा प्यालेले असो. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि अ‍ॅट्रोपिन द्यावे. उंदीर मारण्याची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट याहून फसवी असते. सुरुवातीच्या उलट्या थांबून रुग्णाला एक-दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते, म्हणून बरे वाटत असतानाच त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

चाळिशीपुढील माणूस, मधुमेह, तंबाखू, "गॅस छातीत चढलाय" आणि घाम, एवढे ऐकले की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका जठराच्या जागीच दुखतो आणि उलटीही होते. ईसीजी नसेल तर पित्ताचे इंजेक्शन देऊन वाट पाहण्यापेक्षा रुग्ण हलवणे बरे. मधुमेहात साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले की पोट दुखते, आणि मुलांमध्ये न्यूमोनिया फुप्फुसाच्या तळाशी असला की मूल पोटावर हात ठेवते; म्हणून प्रत्येक पोटदुखीत साखर आणि छाती पाहावी.

पित्त आणि जळजळ

आंबट ढेकर, छातीत जळजळ, थोडे खाल्ल्यावर पोट गच्च होणे या तक्रारींत बहुतेकांना घरी पाठवता येते, पण त्याआधी धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री हवी : घास अडकणे, वजन घटणे, सतत उलटी, रक्ताची उलटी, काळी शौच, पंडुरोग, पोटात गाठ, आणि पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार. यांपैकी एकही असेल तर दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावे, गोळ्यांवर महिना काढू नये. काळ्या शौचाबद्दल एक सूचना अशी की, लोहाच्या लाल गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनाही काळसर शौच होते, परंतु ती घट्ट आणि नेहमीच्या वासाची असते. रक्तामुळे होणारी शौच डांबरासारखी चकचकीत, चिकट आणि उग्र वासाची असते.

धोक्याच्या खुणा नसतील तर आधी दुखण्याच्या गोळ्या थांबवाव्यात किंवा बदलाव्यात, आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम नाश्त्याच्या अर्धा तास आधी चार आठवडे द्यावे. हीच गोळी जेवणानंतर घेणारे आणि वर्षानुवर्षे बंद न करणारे रुग्ण सर्रास भेटतात, म्हणून घेण्याची वेळ आणि थांबवण्याची तारीख दोन्ही चिठ्ठीवर लिहावी. 'तिखट, तेलकट, आंबट सगळे बंद' हा सल्ला मी देत नाही. भाकरीबरोबर ठेचा खाणारा माणूस तो दोन दिवस पाळतो आणि तिसऱ्या दिवशी गोळीही सोडून देतो. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी, मिश्री-तंबाखू कमी आणि उपाशीपोटी चहा टाळणे, एवढे मागितले तर ते बऱ्याचदा मिळते.

जुलाब आणि उलट्या

मोठ्या माणसांत आणि मुलांत सारखेच खरे आहे की, मारतो तो जंतूपेक्षा पाण्याचा अभाव. म्हणून जुलाबाच्या रुग्णात पोट चाचपण्यापूर्वी निर्जलीकरण मोजावे. मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे का, डोळे खोल गेले आहेत का, पाणी पिता येत नाही की अधाशासारखे पिते, आणि पोटावरची चिमूट सोडल्यावर त्वचा दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहते का, हे पाहावे. सुस्ती, खोल डोळे, पिता न येणे आणि अति सावकाश परतणारी चिमूट यांपैकी दोन असतील तर ते तीव्र निर्जलीकरण होय. तिथे शिरेतून रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिलिलिटर द्यावे : एक वर्षाखालील बाळाला पहिले ३० मिलिलिटर एका तासात व उरलेले ७० पाच तासांत, मोठ्या मुलाला पहिले ३० अर्ध्या तासात व उरलेले ७० अडीच तासांत. मूल चिडचिडे, तहानलेले आणि डोळे खोल गेलेले, पण पिऊ शकणारे असेल तर केंद्रातच बसवून किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत पाजावे, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावे. उलटी होते म्हणून सलाईन, हे समीकरण चुकीचे आहे.

घरी पाठवताना आईकडून पाकीट तिथेच कालवून घ्यावे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, छोटे २०० मिलिलिटरसाठीही मिळते, आणि पेल्यात अर्धे पाकीट घालण्याची सवय दोन्ही बाबतीत घातक ठरते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. स्तनपान, भाताची पेज, ताक, मऊ भात चालू ठेवावा. झिंक सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस द्यावे. जुलाब थांबल्यावर आया ते बंद करतात, म्हणून आशा कार्यकर्तीला कळवून ठेवावे. जुलाब थांबवणारी लोपेरामाईडची गोळी लहान मुलांना देऊ नये. प्रतिजैविक सरसकट लागत नाही. शौचात रक्त असेल, पटकीचा (कॉलरा) संशय असेल किंवा मूल फार कुपोषित असेल तेव्हा लागते. १४ दिवसांहून अधिक चाललेले जुलाब वेगळ्या तपासणीसाठी पाठवावेत.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब असणारा एक मोठा माणूस, किंवा एकाच गल्लीतून आलेले दोन-तीन रुग्ण दिसले की आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठची गावे पाण्याखाली गेली होती. असे पाणी ओसरल्यावर विहिरी आणि बोअरवेल दूषित असतातच असे धरून चालावे. चिंचलीची मायाक्का आणि सौंदत्तीची यल्लम्मा यांच्या यात्रांनंतर रुग्णाला कुठे मुक्काम केला, कुठले पाणी प्याले हे आवर्जून विचारावे.

बद्धकोष्ठता, कावीळ, जंत आणि रेंगाळणारे पोट

बद्धकोष्ठतेत आधी शब्दाचा अर्थ रुग्णाकडून समजून घ्यावा, कारण रोज एकदा न होणे हे अनेकांना आजार वाटते. आठवड्यात तीनहून कमी वेळा आणि कुंथून होत असेल तर उपचार करावा : पाणी, भाज्या, इसबगोल भरपूर पाण्यासोबत, आणि लोहाच्या गोळ्यांची चौकशी. दिवसभर शेतात शौचाची सोय नसल्याने स्त्रिया पाणीच कमी पितात, ही गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही.

कावीळ दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहून ठरवावी, ट्यूबलाइटखाली ती लपते. बहुतेक तरुण रुग्णांत दूषित पाण्यातून आलेला अ किंवा ई प्रकारचा विषाणू असतो आणि विश्रांतीने तो बरा होतो. परंतु गर्भवती स्त्री, झोपाळलेला किंवा बरळणारा रुग्ण, थांबत नसलेली उलटी आणि तापासह थंडी वाजणारी कावीळ यांना त्याच दिवशी पाठवावे. झाडपाल्याचे औषध घेतले आहे का, हे न रागावता विचारावे. न दुखता वाढत जाणारी कावीळ, खाज आणि पांढुरकी शौच मोठ्या वयात दिसली तर पित्तनलिकेच्या अडथळ्यासाठी तपासणी हवी.

जंतांसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना अल्बेंडाझोल दिले जाते, दोन वर्षांवरील मुलाला ४०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला २०० मिलिग्रॅम. प्रत्येक पोटदुखीला जंत कारण असतात असे मात्र नाही.

महिनोन् महिने रेंगाळणाऱ्या तक्रारींत दोन गट पडतात. कळ शौचानंतर कमी होते, रात्री झोपेतून उठवत नाही, वजन स्थिर आहे आणि रुग्ण तरुण आहे, तर आतड्याच्या कार्याची तक्रार समजून धीर द्यावा आणि गोळ्यांचा ढीग टाळावा. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठता आणि हाताला मळलेल्या कणकेसारखे लागणारे पोट असेल, तर पोटाचा क्षयरोग वगळल्याशिवाय त्याला सोडू नये.

लहान मुले

मुलाला आईच्या मांडीवरच तपासावे, आणि रडत असेल तर श्वास आत घेताना पोट सैल पडते तो क्षण साधावा. मुलाचाच हात खाली ठेवून त्यावर आपला हात ठेवला की गुदगुल्या आणि भीती दोन्ही कमी होतात. थांबून थांबून किंचाळणारे, मध्ये निस्तेज पडणारे आणि जेलीसारखे रक्तमिश्रित शौच करणारे वर्षभराच्या आतबाहेरचे बाळ आतड्यात आतडे शिरल्याचे असते. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे शस्त्रक्रियेची निकड, मग बाळ कितीही चांगले दिसो.

पाठवायचे ठरले, किंवा घरी सोडायचे ठरले

पाठवायचे ठरल्यावर तोंडाने काही देऊ नये, शीर चालू ठेवावी आणि वेदनाशामक द्यावे. वेदना कमी केल्याने निदान झाकले जाते ही समजूत अजून पक्की आहे, परंतु अभ्यासांतून ती टिकलेली नाही, आणि दिलेले औषध व वेळ चिठ्ठीवर लिहिले की पुढच्या डॉक्टरची अडचण होत नाही. खानापूरकडचे रुग्ण बेळगावला जातात, निपाणीचे कोल्हापूरला आणि अथणी-रायबागचे अनेकदा मिरज-सांगलीला. म्हणून चिठ्ठी दोन्ही राज्यांतील डॉक्टरला वाचता येईल अशा स्वच्छ इंग्रजीत असावी आणि नातेवाइकांना तोच मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. चिठ्ठीत दुखणे सुरू झाल्याची वेळ, शेवटच्या जेवणाची वेळ, शेवटची पाळी, जुने आजार, वेळेसह घेतलेल्या नाडी-रक्तदाबाच्या नोंदी आणि पोट कुठे दुखरे व कुठे कडक होते, हे लिहावे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रस्ते आणि मोबाईलची रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. तिकडच्या रुग्णाबाबत शंका असेल तर अंधार पडण्याआधीच निर्णय घ्यावा.

घरी सोडायचे ठरले, पण दुखण्याचे कारण कळले नसेल, तर "कारण अजून स्पष्ट नाही" असे चिठ्ठीवरही लिहावे आणि 'गॅस्ट्रायटिस' लिहून विषय मिटवू नये. सहा ते बारा तासांत त्याच हाताने पुन्हा तपासणी केली तर पहिल्या वेळी न दिसलेले आंत्रपुच्छ बऱ्याचदा दिसते. दुखणे वाढले किंवा एका जागी आले, ताप चढला, उलटी थांबेना, पोट फुगले, शौच-वायू दोन्ही बंद झाले, घेरी आली किंवा रक्त दिसले तर रात्र असली तरी परत यावे, हे रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला दोघांनाही सांगावे, त्यांच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यावे, आणि त्या सोबतच्या माणसाचा मोबाईल क्रमांक नोंदवहीत लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी सिस्टरकडून फोन करून घ्यावा.